मॉस्क स्ट्रीटवरील घर : एका शास्त्रज्ञामागची माणसे

रामेश्वरमच्या रामनाथस्वामी मंदिरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर मॉस्क स्ट्रीट आहे. या रस्त्यावरच्या चुनखडी व विटांच्या वडिलोपार्जित घरात माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे बालपण गेले. आज तेथे त्यांची छायाचित्रे, पुस्तके व सन्मान यांचे संग्रहालय आहे. मंदिरात येणारे अनेक यात्रेकरू आवर्जून तेथेही जातात.

संग्रहालयात यशाची एक सलग मालिका दिसते. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. १९८९ मध्ये अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. २००२ मध्ये राष्ट्रपतिपद लाभले. हे पाहून येथून राष्ट्रपती भवनापर्यंतची वाट सरळच होती, असा समज होणे स्वाभाविक आहे. कलाम यांच्या ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रातून मात्र वेगळे चित्र उभे राहते.

वडील जैनुलाब्दीन यांनी यात्रेकरूंना धनुष्कोडीस नेण्यासाठी लाकडी होडी बांधली. लाकडाला आकार येताना मुलाने जवळून पाहिला. या कामात वडिलांना साहाय्य करणारे अहमद जलालुद्दीन त्या काळी बेटावर इंग्रजी लिहू शकणारी एकमेव व्यक्ती होते. घरच्या परिस्थितीमुळे त्यांचे शिक्षण थांबले होते. तरी नव्या शोधांच्या गोष्टी ते लहान कलामला सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमचा रेल्वेथांबा बंद झाला. तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वृत्तपत्रांचे गठ्ठे झेलण्याचे काम कलाम यांना चुलतभाऊ शमसुद्दीन यांनी दिले. ती त्यांची पहिली कमाई.

शिक्षक शिवसुब्रमण्य अय्यर यांनी पक्षी कसा उडतो हे फळ्यावर शिकवले आणि नंतर सारा वर्ग समुद्रकिनारी नेला. पक्ष्याचे पंख हवेला खाली ढकलतात व हवा पक्ष्याला वर उचलते. अग्निबाण स्वतःचेच वायू मागे फेकून पुढे जातो. दोहोंच्या मुळाशी न्यूटनचा तिसरा नियम आहे. किनाऱ्यावरच्या त्या धड्यापासून एसएलव्ही-३ पर्यंतचे वैज्ञानिक अंतर वाटते तितके मोठे नाही.

सामाजिक अंतर मात्र मोठे होते. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातील पदवीनंतर कलाम यांची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत निवड झाली. प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये लागणार होते आणि वडिलांजवळ एवढी रक्कम नव्हती. बहीण झोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली, तेव्हा विमानविद्येचे दार उघडले.

कलाम यांची बुद्धी व परिश्रम निर्विवाद आहेत. परंतु जलालुद्दीन यांचे शिक्षण थांबले, ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. एकाच बेटावर, एकाच परिवारात एकाचे शिक्षण पुढे गेले, दुसऱ्याचे अर्ध्यावर राहिले. आणि दोहोंच्या बाबतीत आर्थिक परिस्थिती निर्णायक ठरली. आजही प्रवेश मिळूनही शुल्काअभावी थांबणारे विद्यार्थी देशात आहेत. मॉस्क स्ट्रीटवरील सन्मान पाहणाऱ्याने झोहरा, जलालुद्दीन आणि अय्यर ही नावेही लक्षात ठेवावीत. भारताच्या अवकाश इतिहासात त्यांचाही वाटा आहे.