मुंबईच्या गिरण्यांत पगार कसा ठरे

मुंबईच्या कापडगिरणीत काम मागायला आलेल्या माणसाची गाठ मालकाशी पडत नसे. पडे ती जॉबरशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमाशी. कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वाढले, तशी जॉबरची सत्ताही वाढली. रत्नागिरी, साताऱ्याकडचा तरुण गावकऱ्यांच्या खोलीवर उतरे आणि कुणाच्या तरी ओळखीने जॉबरपर्यंत पोचे. कामावर घेणे, काढणे, रजा देणे हे व्यवहारात त्याच्याच हाती असे. कामावर लागताना, आणि कित्येकदा पुढेही, कामगाराला जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे होती.

अशा उमेदवाराने पगार किती हे विचारणे अवघड होतेच. पण विचारून मिळालेल्या उत्तराचाही भरवसा नव्हता. एकाच कामाचे दर गिरणीगणिक वेगळे असत. विणकराची मजुरी उक्ती, म्हणजे कापड निघेल तशी. सूत हलके आले, धागे वारंवार तुटले, की कमाई घटे. दोष सुताचा, तोटा मात्र विणकराचा. डागी कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून कापली जाई. हा त्यातला सर्वांत जाचक भाग होता.

झालेली कमाई हाती पडायलाही फार उशीर होई. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज तयार झाला, त्यात रविवारच्या सुटीबरोबर पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार मिळावा, ही मागणी होती.

सर्व गिरण्यांत एका कामाला एकच दर हा विषय १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर फॉसेट समितीपुढे आला. समितीने प्रमाणित दरांची योजना तपासली, पण १९२९ चा संप फसला आणि ती बारगळली. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, असे सुचवले. १९३५ मध्ये मालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. कार्डवाल्याने रोज सकाळी फाटकावर हजर व्हायचे. कुणी गैरहजर असेल तरच त्याला काम, आणि काम केले तरच मजुरी. जॉबरचा वचक त्यामुळे ओसरू लागला, पण तो एका फटक्यात संपला नाही.

प्रमाणित दर अखेर १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने लागू झाले. २६ दिवसांच्या महिन्याला किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले. महागाई भत्ता वेगळा. कामाचा दर आता कागदावर होता आणि नव्या माणसाला तो जॉबरच्या तोंडून ऐकण्याची गरज उरली नाही. बदली कामगाराला मात्र दर कळला तरी महिन्याचे दिवस किती भरतील हे कळत नसे. त्याला कायम करा, ही मागणी १९८२ च्या संपातही होती.