रॅम टाकली तरी गेम अडकतोच : जुन्या डेस्कटॉपच्या दुखण्याचा इतिहास

कवठे महांकाळमध्ये कॉम्प्युटरच्या इतिहासावर बोलायचं ठरलं, तेव्हा आम्ही मुद्दाम एक घरगुती प्रश्न निवडला. डेस्कटॉप आठ-दहा वर्षांचा झालाय, गेम अडकत चालतो, काय करावं? दुकानात विचारा, कॉलेजच्या कट्ट्यावर विचारा, पुण्याला शिकणाऱ्या मामेभावाला विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : रॅम वाढव. हे उत्तर एका काळात अगदी बरोबर होतं. तो काळ गेला, उत्तर मात्र राहिलं. द्राक्षाच्या पट्टीतून पोरासाठी बाजूला काढलेले दोन-चार हजार रुपये त्यामुळे आजही भलत्याच पार्टवर खर्च होतात. म्हणून हे उत्तर आलं कुठून, ते आज बघू.

सुरुवातीला तक्रार उलटीच होती. १९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्या वेळचे कित्येक गेम त्याच वेगाचा हिशोब धरून लिहिलेले होते. पुढे जास्त वेगाच्या मशीन आल्या आणि तेच गेम इतके सुसाट पळायला लागले की खेळताच येईना. त्यावर उपाय म्हणून कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं बटण आलं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीनचा वेग कमी करायला! ज्यांनी नव्वदच्या दशकातले कॅबिनेट पाहिलेत त्यांना हे बटण आठवत असेल. ते दाबून नेमकं काय होतं हे बहुतेकांना कधी कळलंच नाही.

मग १९९६ साल आलं. त्या वर्षी ‘क्वेक’ हा पूर्ण त्रिमितीय गेम आला आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं ‘वूडू’ कार्डही आलं. चित्र काढण्याचं काम प्रोसेसरकडून काढून वेगळ्या कार्डाकडे दिलं की काय फरक पडतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. क्वेकमध्ये ‘टाइमडेमो’ नावाची एक सोय होती. ठरावीक दृश्य पूर्ण वेगाने चालवून सेकंदाला किती फ्रेम पडल्या हे ती सांगायची. आमच्या मते कार्डाइतकीच ही सोयही महत्त्वाची. ‘गेम हळू चालतो’ या तक्रारीला आकडा मिळाला. १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स २५६’ने आकृत्यांची जागा आणि प्रकाश यांचं गणितही कार्डावर घेतलं. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायला काढली. चार वर्षांत खेळ खलास.

हे सगळं तिकडे. आपल्याकडे काय चाललं होतं? १९९७ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या सामानावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचं कबूल केलं. सुटे भाग स्वस्त होत गेले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हे नाव जिल्ह्याच्या दुकानदारांच्या तोंडी बसलं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएससीआयटीचा कोर्स सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांतही कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. घरात मशीन आली ती अशी, अभ्यासासाठी. गेम तिच्यात नंतर शिरला, मित्राच्या सीडीतून.

आणि इथेच खरी मेख आहे, म्हणून जरा थांबू. अभ्यासाची मशीन म्हणजे कमीत कमी किमतीची असेंबल्ड मशीन. तिच्यात वेगळं ग्राफिक कार्ड नसे. चित्राचं काम मदरबोर्डवरच्याच चिपकडे असे आणि त्या चिपला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ती मुख्य रॅममधूनच वाटा घेई. विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने १२८ एमबी रॅमची शिफारस केली होती. बहुतेक मशीनमध्ये तेवढीच असायची आणि त्यातलाच काही भाग ग्राफिककडे जायचा. अशा मशीनमध्ये आणखी २५६ एमबीची पट्टी टाकली की मशीन खरोखर उड्या मारायला लागे. ‘रॅम वाढव’ या सल्ल्याचा जन्म इथला. तो अनुभवातून आला होता, म्हणूनच इतका टिकला.

पण त्याच काळात एक दुसरी गोष्ट झाली, तिची आठवण कुणी ठेवली नाही. इंटेलच्या ८४५ मालिकेत ‘८४५जीव्ही’ नावाचा एक स्वस्त चिपसेट होता. त्यावर एजीपी कार्डाची सोयच नव्हती. म्हणजे पोरगा पैसे साठवून एजीपी ग्राफिक कार्ड घेऊन आला, कॅबिनेट उघडलं, तर कार्ड बसवायला स्लॉटच नाही! साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी कार्डं होती, पण ती हळू आणि मिळायला अवघड. २००३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘जीटीए व्हाइस सिटी’ला किमान ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड लागायचं. तो ऑनबोर्डवर कसाबसा चालायचा. काही गेम तर सुरूच व्हायचे नाहीत, कारण प्रकाशाचं ते जीफोर्सवालं गणित या चिपमध्ये नव्हतं. मग ‘थ्रीडी अ‍ॅनालाइझ’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर घेऊन पोरं गेमला फसवायची, कार्ड आहे असं भासवायची. गेम सुरू व्हायचा, पण अंगात जीव नाही तो नाहीच. त्या पिढीने रॅम, ड्रायव्हर, सेटिंग, सगळं करून पाहिलं. मदरबोर्ड विकत घेतानाच निकाल लागलेला होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

रॅमचा सल्ला पुढेही चालत राहिला. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरत नाही, तरी त्यात ८ जीबी टाकून घेतलेल्या मशीन आम्ही पाहिल्या आहेत. अर्धी पट्टी नुसती शोभेला.

आता तिसऱ्या आरोपीकडे येऊ. आपल्या भागात हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुर्लक्षित : उष्णता. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक व्हिडिओ दाखवला. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घेतला. एएमडीचे अ‍ॅथलॉन काही सेकंदांत जळाले. पेंटियम ३ हँग झाला. पेंटियम ४ मात्र हळू झाला, गेम रखडत चालत राहिला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पूर्ववत पळायला लागला. जीव वाचवण्यासाठी स्वतःहून हळू होणं, ही कला प्रोसेसर शिकला होता. आज जवळजवळ प्रत्येक प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हेच करतं. आणि म्हणूनच बिघाड लपतो. मशीन बंद पडत नाही, नुसती मंदावते. आपण म्हणतो, म्हातारी झाली.

हिशोब साधा आहे. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोलीपेक्षा तो किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात. उदाहरण म्हणून समजा, स्वच्छ मशीनमध्ये हा फरक ४५ अंशांचा आहे. एसी लावलेल्या २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६९ वर राहील. कवठे महांकाळला एप्रिलात पत्र्याखालच्या खोलीत पारा चाळिशीला टेकला की तोच ८५ वर जाईल. आता हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ बसली, थर्मल पेस्ट सुकली आणि फरक ६० चा झाला. म्हणजे १००. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा याच्याच आसपास असते. कोरडवाहू तालुका, वारा, रस्त्यालगतचं घर आणि जमिनीवर ठेवलेलं कॅबिनेट (ज्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो) : धूळ आत जायला आणखी काय हवं? पुण्या-मुंबईतल्या माणसाने दिलेला सल्ला इथे लागू पडत नाही, तो याचमुळे.

तर ओळखायचं कसं? गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालून मग रखडत असेल, तर संशय उष्णतेवर. एक बिनपैशाची परीक्षा आहे. कॅबिनेटची बाजू काढा, घरातला टेबल फॅन त्याच्यासमोर लावा आणि परत खेळा. रखडणं गेलं, तर रॅमचे पैसे वाचले. गेम पहिल्या मिनिटापासून सारखाच हळू असेल, तर रिझोल्युशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर ग्राफिक कार्ड कमी पडतंय. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसर. नवीन गल्लीत, नवीन भागात शिरताना झटका बसतो आणि मग सुरळीत होतं? मग हार्ड डिस्क किंवा रॅम. इथे एसएसडी टाकण्यात अर्थ आहे. ऑनबोर्ड ग्राफिक असेल तर आणखी एक बघा : रॅमची एकच पट्टी आहे का? तशीच दुसरी जोडली की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो आणि ऑनबोर्डला त्याचा खरा फायदा मिळतो. म्हणजे जुना सल्ला अगदीच टाकाऊ नाही, त्याची जागा कळली पाहिजे.

साफ करताना ब्रश वापरा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं.

राहिली वीज. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं इथे कुणी विसरलेलं नाही. त्यातून एक समज पक्का झाला, की व्होल्टेज कमी म्हणून गेम हळू. बोअरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे मंद होतात, पंखा हळू फिरतो, मग कॉम्प्युटरही तसाच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण एसएमपीएसचं काम वेगळं. २३० चे १८० व्होल्ट झाले तरी तो आत ठरलेलेच १२ आणि ५ व्होल्ट द्यायला बघतो. नाही जमलं तर मशीन बंद पडते किंवा रीस्टार्ट होते. हळू सहसा होत नाही. म्हणून गेम जोरात आला की मशीन रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएस तपासा आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत का तेही बघा. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत खराब कपॅसिटरांची जगभर साथच आली होती, नावाजलेल्या कंपन्यांचे बोर्डही त्यातून सुटले नव्हते.

अलीकडच्या काळाबद्दल थोडंच बोलू. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जुन्या मशीन माळ्यावरून खाली आल्या आणि पुढे ग्राफिक कार्डं महाग झाली, क्रिप्टो चलनाच्या खाणकामालाही ती पळवली जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडली आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. असं कार्ड घ्यायचं तर दुकानात अर्धा तास गेम चालवून, तापमान बघूनच घ्या. पाच मिनिटांत काही कळत नाही.

१ जानेवारी २०२४ पासून ‘स्टीम’ने विंडोज ७ सोडलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधारही संपला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासूनचे. त्याआधीच्या मशीन बाहेर, मग त्या कितीही पळत असोत. धूळ झाडलेल्या, पेस्ट बदललेल्या, एसएसडी टाकलेल्या अशा चौथ्या पिढीच्या मशीनवर ‘सॅन अँड्रियास’ आजही चालतो, आणि तो २००५ मध्ये आपल्यापैकी कुणाच्या घरात चालला नसेल इतका सुरेख चालतो.