खोलीचा प्रश्न : न्यूयॉर्क १९१३, बडोदे १९१७



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला याच शाळेत इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या सांगून झाल्या की ते एक प्रश्न हमखास विचारीत : "हे सगळे घडत होते तेव्हा ती माणसे राहत कोठे होती? जेवत कोठे होती?" वर्गात हशा पिके. त्या प्रश्नाचे मोल मला फार उशिरा कळले. आज तोच प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुले, नातवंडे शिक्षणासाठी परदेशी आहेत. मूल विमानातून उतरले की आपण पहिल्यांदा काय विचारतो? "खोली मिळाली का? जेवणाचे काय?" पदवी, प्रबंध, प्राध्यापक हे सारे नंतर. परमुलखात विद्यार्थ्याचे पाऊल टेकते ते या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर. आपल्याच बडोद्याने परदेशी पाठवलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत या दृष्टीने पाहू.

भीमराव रामजी आंबेडकर १९१३ च्या आरंभी बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीला, त्यांचे वडील वारले. त्याच वर्षी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस.

चरित्रकार सांगतात की विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही आणि त्यांनी लवकरच मुक्काम हलवला. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी भीमराव पुन्हा लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी त्यांना पैसे कर्जाऊ दिले. वसतिगृहातल्या खोलीचा सोबती माणसाला केवढा आधार देऊ शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

खोलीचा प्रश्न सुटला आणि अभ्यासाला बहर आला. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ अशा अभ्यासक्रमांची नोंद कोलंबियात त्यांच्या नावावर आहे. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक लाभले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर लवकरच वडिलांच्या एका स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला होता. नवे शहर त्यांना नुसता आसरा देत नव्हते, विचारही पुरवीत होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. न्यूयॉर्क म्हणजे समतेचे नंदनवन होते, असे मी म्हणत नाही. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांसाठी शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, असे कायदेच होते. आणि त्याच १९१३ साली राजधानी वॉशिंग्टनमधील सरकारी कचेऱ्यांतही वर्णभेदाची वेगळी व्यवस्था सुरू झाली. त्या देशाची स्वतःची अस्पृश्यता होती. परंतु एका विद्यापीठाच्या परिसरात, एका खोलीत, एका मेजावर भीमरावांना जात विचारली गेली नाही. तेवढ्यानेही माणूस केवढा मोकळा होतो, हे त्या तीन वर्षांनी दाखवून दिले. आपले काही सर्वोत्तम मित्र कोलंबियातील सहाध्यायी आणि अध्यापक यांच्यातच आहेत, असे त्यांनी १९३० मध्ये त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात नमूद केले.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस परतले. ज्या बोटीने त्यांनी सामान आणि पुस्तके पाठवली होती ती युद्धात बुडाली. करार पाळण्यासाठी सप्टेंबरमध्ये ते बडोद्यास आले.

पुढचा वृत्तान्त त्यांनी स्वतःच १९३५ च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणांत लिहून ठेवला आहे. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच ती परत आली : जायचे कोठे? आपल्याला ठेवून कोण घेणार? हिंदूंच्या खानावळी बंद. गावात मित्र होते, पण त्यांच्या दारी जाऊन त्यांना संकटात टाकावे हे मनाला पटेना. अखेर एका पारशी उतारशाळेत, तिच्या व्यवस्थापकाच्या संमतीने, पारशी नाव लावून ते राहिले. रोजचा दर दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेला दिवाणखाना, एका कंदिलाचा मिणमिणता उजेड, वटवाघळांची फडफड आणि दुसरे माणूस नाही. दिवसा ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम करीत. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. निकाल लागत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहाबारा संतप्त पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावयाचा हुकूम झाला. त्यांनी दोन मित्रांना विचारले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले. अठरा वर्षांनंतर लिहीत असतानाही त्या आठवणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. आज त्या बागेतले एक वडाचे झाड 'संकल्पभूमी' म्हणून दाखवले जाते.

हा ठपका एका समाजावर ठेवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. लाठ्या पारशांच्या हाती होत्या, तसाच लिव्हिंग्स्टन हॉलमधला जिवलग मित्रही पारशी होता. आणि उतारशाळेची पायरी चढण्याआधी हिंदूंची सारी दारे बंद झालेली होती. हे बडोदे मागासलेलेही नव्हते. १९०६ मध्ये येथे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू झाले. ग्रंथालये उभारण्यासाठी १९१० मध्ये महाराजांनी बॉर्डन हे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणले. राजाने शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. पण राजाला हुकूम काढून देता येत नाही अशी एक वस्तू असते. ती म्हणजे शेजार. तो गावानेच द्यावा लागतो. गावाने तो दिला नाही.

आता गुरुजींचा प्रश्न माझ्याच घरी आणतो. आमचा वाडा दांडिया बाजारात होता. माडीवरच्या तीन खोल्या आजी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भाड्याने देई. १९६४ च्या जूनमधली गोष्ट. खानदेशातून आलेला एक मुलगा ट्रंक आणि वळकटी घेऊन दारात उभा राहिला. आजीने त्याला ओट्यावर बसवले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. त्याने सांगितले. आजी म्हणाली, "खोली कालच गेली रे बाबा." तो काही बोलला नाही. त्याने वळकटी पुन्हा खांद्यावर घेतली. खोलीची किल्ली खुंटीवर टांगलेली होती. ती मला दिसत होती. त्यालाही दिसली असावी. मी चौदा वर्षांचा होतो आणि गप्प राहिलो.

माझी आजी दुष्ट नव्हती. वारकऱ्यांना जेवू घालणारी होती. पुढे तीस वर्षे मी दलित आत्मकथने वर्गात शिकवली. ही हकीकत मात्र एकदाही सांगितली नाही. आज पंचाहत्तरीत, जेथे गुरुजींनी तो प्रश्न विचारला तेथेच, ती सांगितलेली बरी.

आपल्या विद्यापीठात आजही आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून, ईशान्येकडील राज्यांतून मुले येतात. त्यांच्या आया फोनवर तेच दोन प्रश्न विचारीत असतील. माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. ज्या घरी आडनाव, धर्म किंवा रंग न विचारता खोली मिळेल अशा घरांची एक वही या शाळेच्या कचेरीत ठेवावी. आमच्या घराचा पत्ता मी आज पहिल्या पानावर लिहून देत आहे. माडीवरची एक खोली रिकामी आहे.