कारवानी : माळरानाने घडवलेला कुत्रा

१/ कुत्र्याचे शरीर हाही इतिहासाचा एक दस्तऐवज असतो. कोणत्या भूमीवर आणि कोणत्या कामासाठी त्याची पैदास झाली, हे त्याच्या पायांत, छातीत आणि स्वभावात नोंदलेले असते.

२/ इंग्लंडचा टेरिअर पाहा. ‘भूमी’ या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दातून त्याचे नाव आले. कोल्ह्याच्या बिळात शिरण्यासाठी जोपासलेला हा बुटका, हट्टी कुत्रा आज बंगल्याच्या बागेतही माती उकरत राहतो.

३/ दख्खनचा कारवानी याच्या अगदी उलट. येथील ससा, हरिण मोकळ्या माळावर पळणारे. म्हणून उंच पाय, खोल छाती, बारीक कंबर आणि निमुळते तोंड. तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो.

४/ कारवाँ म्हणजे व्यापारी तांडा. अशा तांड्यांसोबत या कुत्र्यांचे पूर्वज पश्चिम आशियातून आले, असे परंपरा सांगते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोपासना केली आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ साली ते टपाल तिकिटावरही झळकले.

५/ पण ज्या भूमीसाठी असा कुत्रा घडला, ती बदलत गेली. राहुरीचेच उदाहरण घ्या. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले; पुढे तालुक्यातच मुळा धरण उभे राहिले. कोरडवाहू रानांत ऊस आला. पुरुषभर उंचीच्या उसात नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्याला काय दिसणार?

६/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाही पायबंद घातला. ते आवश्यकच होते. मात्र कारवानीचे पिढीजात काम संपले.

७/ काम संपले, तरी धाव संपली नाही. म्हणून हा कुत्रा पाळणाऱ्याने त्याचा इतिहास वाचावा. त्याला रोज कुंपणाच्या आत मोकळे धावू द्यावे. उघड्यावर सोडल्यास पळत्या सशामागे तो हाक ऐकत नाही. अंगावर चरबी व केस कमी, म्हणून थंडीत उबदार जागा आणि मऊ अंथरूण हवे. बरगड्या किंचित दिसणे हा त्याचा बांधा आहे. उपासमार समजून त्याला लठ्ठ करू नये. अनोळखी माणसांपासून तो दूर राहतो, म्हणून पिल्लूपणीच माणसांची सवय लावावी.

८/ साखळीला बांधलेला कारवानी म्हणजे पेटीत कोंडलेला दस्तऐवज. जात टिकवायची, तर तिची धावही टिकवावी लागेल.