सामर्थ्याधिष्ठित कार्यविभागणी : मलिक अंबरच्या कारभाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बीड तालुक्यातील नेकनूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले, आठवडी बाजारासाठी परिचित असलेले गाव होय. सोळाव्या शतकात हा परिसर निजामशाहीच्या अमलाखाली होता. पुढे याच मुलखासाठी मोगल व निजामशाही यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. निजामशाहीच्या बाजूने तो मलिक अंबरने लढविला.

माणसाच्या उणिवा दुरुस्त करण्यापेक्षा त्याच्या अंगच्या सामर्थ्याला साजेसे काम द्यावे, हा विचार पीटर ड्रकर यांनी 1967 मध्ये व्यवस्थापनशास्त्रात ठामपणे मांडला. मात्र या विचाराचा व्यवहार त्याहून जुना आहे. प्रस्तुत निबंधात मलिक अंबरच्या कार्याच्या आधारे त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासली आहे.

गुणांची पारख :

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी तरुण दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी आला. चंगीजखान स्वतः पूर्वाश्रमीचा गुलाम होता. जन्माने लाभलेल्या दर्जापेक्षा अंगच्या कर्तृत्वाला वाव देणाऱ्या या वातावरणात अंबर घडला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकल्यावर त्याने परांडा येथे दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य सावरले.

लष्करी नीती :

तोफखाना, जड घोडदळ व खजिना यांत मोगल वरचढ होते. त्यांची बरोबरी करण्यात अंबरने शक्ती वेचली नाही. डोंगरवाटांची माहिती, चपळ घोडी व अल्प शिधा यांवर निभावणारे मराठे स्वार हे दख्खनचे बळ त्याने हेरले आणि त्यावर गनिमी काव्याची उभारणी केली. रसद तोडणे, पिछाडीवर छापे घालणे व समोरासमोरची लढाई टाळणे ही त्याची रीत होती.

या नीतीची कसोटी दोन लढायांत दिसते. 1616 मध्ये जालन्याजवळील रोषणगाव येथे त्याने मोगलांशी उघड्या मैदानात सामना केला. तत्पूर्वी काही मराठे सरदार शत्रूला मिळाले होते. अंबरचा पराभव झाला आणि खडकी शहराचा विध्वंस झाला. 1624 मध्ये सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील भातवडी येथे मात्र त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही सैन्याची कोंडी केली, रात्रीचे छापे घातले व विजय मिळविला. शहाजीराजे या लढाईत पराक्रमाने लढले. त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. रोषणगावला अंबर शत्रूच्या बळाच्या जागी लढला, भातवडीला स्वतःच्या.

उणिवांचा प्रश्न :

तथापि अंबरने सर्वच उणिवांकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येत नाही. रिकामा खजिना ही राज्याच्या मुळावर येणारी उणीव होती. तिच्यासाठी त्याने महसुलाची मक्तेदारी बंद केली, जमिनीची प्रतवारी करून सारा ठरविला आणि वसुलीचे काम हिशेबात निष्णात असलेल्या ब्राह्मण कारभाऱ्यांकडे सोपविले. उणीव दूर करण्यासाठीही त्याने जाणकारांच्याच गुणांचा उपयोग केला.

या व्यवस्थेची दुबळी बाजू निष्ठेची होती. लखुजी जाधवांसारखा मातब्बर सरदार मोगलांकडे गेला. गुणाला काम मिळाले, तरी माणूस टिकेलच याची हमी नव्हती. शिवाय पारख एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटली होती. 1626 मध्ये अंबरचे निधन झाले. 1633 मध्ये दौलताबाद त्याचा पुत्र फत्तेखान याच्या हातून गेले आणि 1636 मध्ये निजामशाही संपुष्टात आली.

निष्कर्ष :

1. साधने तोकडी असताना उपलब्ध सामर्थ्यावर भर देणे हेच परिणामकारक ठरते.
2. संस्थेच्या अस्तित्वावर घाला घालणारी उणीव मात्र दूर करावीच लागते; उर्वरित उणिवा योग्य कार्यविभागणीने निष्प्रभ करता येतात.
3. गुणांची पारख प्रमुखाच्या व्यक्तिगत नजरेपुरती मर्यादित राहिल्यास ती त्याच्याबरोबरच संपते. तिचे पद्धतीत रूपांतर होणे आवश्यक असते.

सहकाऱ्यांच्या मूल्यमापनात केवळ त्रुटींची नोंद करणाऱ्या आजच्या संस्थांनीही, महाविद्यालयांसह, या इतिहासाकडे गांभीर्याने पाहणे उचित ठरेल.