इंजिनातील काजळी आणि तेल टिपणारा डबा

हौशी मोटारमालकांच्या इंजिनाशेजारी अलीकडे धातूचा एक लहानसा डबा बसवलेला दिसतो. त्याला ‘ऑइल कॅच कॅन’ म्हणतात. इंजिनाच्या पोटातून निघणारी तेलकट वाफ एका नळीने या डब्यात येते, तेल तळाशी साचते आणि उरलेला वायू दुसऱ्या नळीने पुन्हा इंजिनात जातो. काही आठवड्यांनी डबा उघडला म्हणजे तळाशी चहाच्या साक्यासारखा गढूळ द्रव निघतो. तो पाहून मालकाला समाधान वाटते की, एवढी घाण इंजिनात जाण्यापासून वाचली. शेजारचा जुना मिस्त्री मात्र मान हलवतो. मोटार बनवणाऱ्याला जे सुचले नाही ते या डब्याला कसे साधेल, असे त्याला वाटते. हा डबा इंजिनात कार्बन साचण्यास खरोखर प्रतिबंध करतो काय? प्रश्न गॅरेजमधला खरा. पण त्याचे उत्तर शोधू गेल्यास जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागतो.

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये जळते व त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवतीच्या रिंगा हा दाब वरच्या बाजूस अडवून धरतात. परंतु सरकत्या धातूंमधील ही अडवणूक संपूर्ण अशी कधीच होत नाही. प्रत्येक ज्वलनागणिक थोडा वायू फटीतून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्यात न जळलेले पेट्रोल असते, धूर असतो, आम्लधर्मी द्रव्ये असतात आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरवाटे वाफ होऊन निघून जाते. काही अंश मात्र या वाटेने खाली येतो. तेथे फिरत्या क्रँकमुळे उडणारे तेलाचे सूक्ष्म तुषार त्यात मिसळतात. हे सारे कोंडून ठेवले तर दाब वाढून गॅस्केटमधून तेल गळू लागते आणि आतील तेलाचा चिखल होतो. तेव्हा या वायूला कोठेतरी वाट करून देणे भागच होते.

पहिल्या पिढीतील इंजिनीअरांनी ती वाट रस्त्याकडे काढली. क्रँककेसला एक उघडी नळी जोडून तिचे तोंड मोटारीखाली सोडलेले असे. मोटार धावू लागली की नळीच्या तोंडाशी दाब कमी होई आणि आतील वायू आपोआप बाहेर ओढला जाई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून पुढे सुमारे चाळीस वर्षे ही पद्धत चालली. अमेरिकेतील महामार्गांच्या मधोमध तेलाचा जो काळा पट्टा दिसे, त्याला ही ठिबकणारी नळीही कारणीभूत होती. आपल्या घरातील केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटण्याचाच हा प्रकार. पण शेजाऱ्याने तक्रार केली नाही, तोवर तो कोणाला खटकला नाही. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यावे लागत, तेव्हा उघड्या नळीतून पाणी आत शिरण्याची भीती निर्माण झाली. म्हणून ती नळी बंद करून वायू इंजिनाच्या श्वासनलिकेतच परत सोडण्याची युक्ती योजली गेली. युद्ध संपले आणि नागरी मोटारींसाठी ती युक्ती बाजूला पडली.

शेजाऱ्याची तक्रार आली ती लॉस एंजेलिस शहरातून. २६ जुलै १९४३ रोजी त्या शहरावर दाट धुरकट पडदा उतरला. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. युद्धाचे दिवस होते. हा जपानचा विषारी वायूचा हल्ला तर नव्हे, अशीही शंका काहींना आली. मग संशय शहरातील कृत्रिम रबराशी संबंधित एका कारखान्यावर गेला. तो बंद पाडला तरी पडदा हटला नाही. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने हवेच्या शुद्धीसाठी स्वतंत्र नियंत्रण खाते स्थापन केले. पण अपराधी कोण, हे निश्चित होत नव्हते.

तो शोधून काढला कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने. जन्माने डच असलेला हा संशोधक त्या सुमारास अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होता. फळाचा सुगंध ज्या रीतीने थंड करून धरावा, त्याच रीतीने त्याने शहराची हवा थंड नळ्यांतून ओढली आणि तिच्यातील द्रव्य वेगळे केले. पन्नासच्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की, पेट्रोलमधील हायड्रोकार्बन आणि ज्वलनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन आणि डोळे जाळणारी इतर द्रव्ये तयार होतात. या निष्कर्षावर बरेच वाद झाले. पण शेवटी बोट मोटारीकडेच वळले. मोटारीचा धूर म्हणजे मागच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर, अशी समजूत होती. त्याच दशकाच्या अखेरीस ध्यानात आले की, अनियंत्रित मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्या खालच्या क्षुल्लक नळीतून येत होता.

उपाय तर युद्धकाळापासून माहीत होता. नळीचे रस्त्याकडचे तोंड बंद करावे, ती हवा आत घेणाऱ्या मार्गाला जोडावी आणि मध्ये एक लहान व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे इंजिन आपला उच्छ्वास आपणच ओढून घेईल व जाळून टाकील. यालाच ‘पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन’ म्हणतात. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने ही योजना अनिवार्य ठरवली आणि १९६३ च्या गाड्यांपासून ती तेथे अमलात आली. वायुप्रदूषण रोखण्यासाठी अमेरिकेत मोटारीवर सक्तीने बसवलेले हे पहिले साधन. इतका स्वस्त व्हॉल्व्ह बसवण्यास एवढा विलंब का लागला, हाही एक प्रश्नच आहे. प्रदूषणविरोधी साधनांच्या बाबतीत परस्परांशी स्पर्धा न करण्याचा करार केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने १९६९ मध्ये तेथील बड्या मोटार कंपन्यांवर दावा लावला होता. त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला.

शेजाऱ्याचे अंगण अशा रीतीने स्वच्छ झाले. पण केर नाहीसा झाला नव्हता. तो परत घरात आला होता. तेलाचे तुषार आता हवेच्या मार्गाने इनटेक व्हॉल्व्हवर येऊन पडू लागले. व्हॉल्व्ह चांगलाच तापलेला असतो. त्यावर बसलेले तेल तव्यावर करपलेल्या फोडणीसारखे आटून घट्ट होते आणि थरावर थर चढत जातो. तरीही बरीच वर्षे हे प्रकरण आटोक्यात राहिले. कारण कार्बोरेटरमधून असो की नंतरच्या काळात इनटेक नळीत बसवलेल्या इंजेक्टरमधून असो, पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच आत जात असे आणि जाता जाता तो धुऊन काढी. तेवढ्यानेही पुरेसे भागत नाही असे दिसून आल्यावर पेट्रोलमध्येच मलनाशक द्रव्य मिसळण्याची पद्धत रूढ झाली आणि १९९५ पासून अमेरिकेने ती कायद्याने बंधनकारक केली.

पुढे मोटारीच्या इंजिनात आणखी एक स्थित्यंतर झाले. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवण्याची कल्पना जुनीच आहे. १९५४ च्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल या गाडीत ती वापरली होती. १९९६ मध्ये मित्सुबिशीने ती नव्या स्वरूपात बाजारात आणली आणि इंधनाची बचत होते म्हणून नंतर अनेकांनी तिचा स्वीकार केला. पण या रचनेत व्हॉल्व्हवरून केवळ हवा जाते. धुणारे पेट्रोल गेले, तेलाची वाफ मात्र येतच राहिली. परिणामी काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीची जाड साल धरू लागली. गाडी थंड असता अडखळू लागली, तिचा जोर उतरू लागला. अशा वेळी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून ती साल काढावी लागते. याच काळात कॅच कॅनचे नाव सामान्य मोटारमालकाच्या कानी पडू लागले.

हा डबा मुळात काजळीसाठी जन्मलेला नाही. मोटारींच्या शर्यतीत तेल मार्गावर सांडून मागून येणाऱ्या गाड्या घसरू नयेत, म्हणून अशी टाकी ठेवण्याचा नियम आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने घातला. दोन हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला दोन लिटरची आणि त्याहून मोठ्याला तीन लिटरची टाकी. तेथे प्रश्न इंजिनाच्या प्रकृतीचा नव्हता, मागच्या चालकाच्या जिवाचा होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. चांगल्या डब्यात जाळी किंवा आडपडदे असतात. तेथे वायूचा वेग मंदावतो, त्याला वळणे घ्यावी लागतात आणि तेलाचे थेंब भिंतीला चिकटून खाली ओघळतात. तेव्हा व्हॉल्व्हकडे जाणारे तेल काही प्रमाणात कमी होते, हे मान्य करावयास हवे. परंतु अतिसूक्ष्म तुषार त्यातूनही निसटतात. शिवाय व्हॉल्व्हवरील काजळीला हे एकच कारण नाही. पुन्हा आत सोडलेला जळका वायू, इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असता मागे फिरणारा धूर, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपणारे तेल, हे सारे तेथेच येऊन पोचतात आणि त्यांची वाट डब्यातून जात नाही. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी तर निराळीच. एके काळी ठरावीक मैलांनंतर हेड उतरवून ती खरवडणे हे मिस्त्रीचे नित्याचे काम असे. ती मुख्यतः ज्वलनाच्या जागीच, अर्धवट जळालेल्या इंधनातून आणि रिंगांवरून वर चढलेल्या तेलातून धरते. तिच्यावर या डब्याचा फारसा इलाज चालत नाही.

डब्यात साचलेल्या द्रवाच्या मापावरूनही फसगत होते. त्यात तेलाबरोबर पाणी आणि पेट्रोल असते, थंडीच्या दिवसांत तर पाणीच फार. आणि पाण्याची काजळी होत नाही. डबा भरला म्हणून व्हॉल्व्ह वाचला, असे अनुमान काढता येत नाही. खरा पुरावा हवा असेल तर एकाच जातीची दोन इंजिने, एक डब्यासह व एक डब्याविना, सारखीच चालवून दोहोंचे व्हॉल्व्ह वजन करून पाहावे लागतील. डब्याची हयगय केली तर अपायही होतो. तो काठोकाठ भरला तर साचलेले तेल एकदम इंजिनात ओढले जाते; कडाक्याच्या थंडीत आतील पाणी गोठून वाट बुजते आणि क्रँककेसमध्ये दाब वाढतो.

तात्पर्य, ज्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जाते, तेथे या डब्याची फारशी गरज नाही. ज्यात ते थेट सिलिंडरमध्ये जाते, तेथे तो काजळी थांबवीत नाही, तिचा वेग कमी करू शकतो. तोही मालकाने डबा वेळच्या वेळी रिता केला तरच. काही कारखानदारांनी हा प्रश्न मुळाशीच सोडवण्याचा यत्न केला आहे. टोयोटाने एकाच इंजिनात दोन्ही ठिकाणी इंजेक्टर बसवले, म्हणजे जुने धुणे परत आणले. तेल वेगळे काढण्याची सोयही अनेक इंजिनांत कारखान्यातूनच केलेली असते.

काही मंडळी मात्र डब्यातून बाहेर पडणारी नळी इंजिनाला न जोडता मोकळ्या हवेत सोडतात आणि आपले इंजिन स्वच्छ राहिले म्हणून संतोष मानतात. त्यांची मोटार १९४३ च्या लॉस एंजेलिसकडे परत निघाली आहे. डबा बसवावा की नाही, हे ज्याने त्याने आपले इंजिन पाहून ठरवावे. पण बसवल्यास त्याची दुसरी नळी इंजिनालाच जोडलेली असावी आणि त्यात साचलेली घाणही गटारात न ओतता जुन्या तेलाबरोबर रीतसर द्यावी. नाही तर केर पुन्हा शेजाऱ्याच्याच अंगणात पडेल.