निक्सनचा धक्का

रविवारी प्रयोगशाळेला सुट्टी असली की मी हमखास कोबेच्या बंदरावर फिरायला जातो. तिथल्या बागेचं नाव 'मेरिकेन पार्क'. १८६८ मध्ये हे बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं. त्या काळात अमेरिकन वकिलातीजवळ जो धक्का होता, त्याला लोक 'मेरिकेन' म्हणू लागले. 'अमेरिकन' हा शब्द जपानी कानांना तसाच ऐकू आला! आपला भाऊचा धक्का, तसा हा अमेरिकनांचा धक्का. गंमत म्हणजे १९७५ नंतर तब्बल पन्नास वर्षं या बंदरात अमेरिकन युद्धनौका आलीच नाही. का, ते शोधताना मी रिचर्ड निक्सनपाशी येऊन पोचलो.

आमच्या घरी निक्सन म्हणजे १९७१. मुंबईतला ब्लॅकआउट, खिडक्यांना लावलेले काळे कागद आणि "सातवं आरमार निघालंय" ही बातमी. बाबा अजूनही हे सांगतात. 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका निक्सननं बंगालच्या उपसागरात धाडली होती. इथल्या एका वयस्कर सहकाऱ्याला निक्सनबद्दल विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "निक्सन शोक्कु." म्हणजे शॉक, धक्काच! वर्ष तेच, १९७१. जुलैमध्ये निक्सननं चीन-भेट जाहीर केली आणि मित्र जपानला ते जेमतेम काही मिनिटं आधी कळलं. १५ ऑगस्टला त्यानं डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. डॉलरला ३६० येन हा दर डिसेंबरात ३०८ वर आला. डॉलरमध्ये ठरलेल्या सौद्याचे जिथे शंभर येन यायचे, तिथे पंच्याऐंशी येऊ लागले.

पण तिसरा धक्का गुपचूप बसला होता. पंतप्रधान सातो यांनी १९६७ मध्ये संसदेत सांगितलं होतं, की जपान अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही आणि देशात येऊही देणार नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये ओकिनावा परत मिळवताना त्याच सातोंनी निक्सनबरोबर एका गुप्त कागदावर सही केली. आणीबाणीत तिथे अण्वस्त्रं आणायला त्यात मुभा होती. सातोंची प्रत २००९ मध्ये त्यांच्या घरच्यांकडे सापडली!

आता १९७४ पाहा. ऑगस्टमध्ये वॉटरगेटपायी निक्सन गेला. सप्टेंबरमध्ये ला रॉक या निवृत्त अमेरिकन अ‍ॅडमिरलनं साक्ष दिली, की अण्वस्त्रं वाहणाऱ्या नौका जपानसारख्या देशांच्या बंदरांत शिरताना ती उतरवून ठेवत नाहीत. आणि ऑक्टोबरमध्ये सातोंना शांततेचं नोबेल जाहीर झालं.

कोबेच्या नगरसभेनं १८ मार्च १९७५ रोजी एकमतानं ठराव केला, की अण्वस्त्रं असलेली नौका आमच्या बंदरात नको. मग महापालिकेनं नियम केला, की परदेशी युद्धनौकेनं अण्वस्त्रं नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं. बंदरं स्थानिक संस्थांच्या हाती देणारा १९५० चा कायदा अमेरिकन अंमलातच झाला होता, हे विशेष. नौकेवर अण्वस्त्रं आहेत की नाहीत, हे न सांगणं हे अमेरिकेचं धोरण. त्यामुळे बाकी काही देशांच्या नौका कागद देऊन येत राहिल्या, अमेरिकेच्या थांबल्या.

निक्सनच्या खात्यावर चांगलंही बरंच आहे. चीनचं दार त्यानं उघडलं, १९७० मध्ये पर्यावरण संस्था स्थापली, १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाशी क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारा करार केला. पण लोकांना एक सांगायचं आणि बंद खोलीत दुसरंच लिहायचं, या सवयीनं नुसता तोच बुडाला नाही, त्याच्या पश्चात सरकारी शब्दावरचा विश्वासही उडाला. कोबेनं मागितलेला कागद ही मला त्या उडालेल्या विश्वासाची पावती वाटते.

मार्च २०२५ मध्ये 'वॉरियर' ही अमेरिकन सुरुंगशोधक नौका प्रमाणपत्र न देताच कोबेला लागली. जपानी सरकारचा निर्वाळा महापालिकेनं पुरेसा मानला. त्या छोट्याशा नौकेवर अण्वस्त्रं नसतीलच. पण सरकारच्या शब्दावर भागत नाही, म्हणून तर तो नियम झाला होता ना?